तेखेलेत: माकुलाची शाई नव्हे, गोगलगाय आणि ऊन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ज्यूंच्या पवित्र निळ्या धाग्यावर, म्हणजे तेखेलेतवर, लेख आला. मराठीत या विषयावर फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून आधी आभार. पण लेखातली तीन विधाने तशीच सोडून देण्यासारखी नाहीत. हा रंग माकुलाच्या शाईतून काढत, तो करायची रीत आजही कुणाला ठाऊक नाही आणि उत्खननात त्याचा काहीच मागमूस लागलेला नाही, अशी ती विधाने. पहिले शंभर वर्षांपूर्वीच प्रयोगशाळेत निकालात निघाले आहे. दुसरे १९८०च्या दशकापासून खरे राहिलेले नाही. तिसरे तर उत्खननाच्या अलीकडच्या बातम्या चाळल्या असत्या तरी छापले गेले नसते.

मुळात आज्ञा अशी आहे. बायबलच्या गणना या पुस्तकात, १५व्या अध्यायाच्या शेवटी, वस्त्राच्या टोकांना गोंडे लावा आणि प्रत्येक गोंड्यात तेखेलेतचा धागा घाला, असे सांगितले आहे. चार टोकांच्या वस्त्राला प्रत्येक टोकाशी एक भोक असते. त्यातून चार धागे ओवून दुमडले की आठ पदर खाली लोंबतात. चारांपैकी एक धागा मुद्दाम लांब घेतात, कारण त्याच्याच लांब पदराने बाकीच्यांना वेढे द्यायचे असतात आणि मधूनमधून दुहेरी गाठी मारायच्या असतात. आठ पदरांपैकी निळे किती, यावर मध्ययुगीन ज्यू भाष्यकारांची तीन मते आहेत. राशी आणि तोसाफोतकार चार म्हणतात, राबाद दोन म्हणतात, रामबाम म्हणजे मायमोनिडीझ एकच म्हणतात. रामबामच्या मताने चालायचे तर एक धागा अर्ध्यापर्यंतच रंगवावा लागतो, आणि ते काम वाटते तितके सोपे नाही, कारण ओली लोकर रंग वर ओढून घेते. वेढे पांढऱ्या पदराने सुरू करायचे आणि पांढऱ्यानेच संपवायचे, असे तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात, मनाखोत या भागात आहे. निळा धागा नसेल तर नुसते पांढरे गोंडेही चालतात, हेही तिथलेच. या सवलतीमुळेच तेखेलेत नाहीसा झाल्यावरही गोंड्यांची प्रथा टिकली. प्रार्थनेच्या वेळी आपल्याकडचे बेने इस्रायली जे तल्लीत अंगावर घेतात, त्याचे गोंडेही सर्वसाधारणपणे पांढरेच असतात.

खरा-खोटा रंग ओळखण्याचा एवढा आटापिटा का, हे लेखात कुठेच आलेले नाही, आणि माझ्या मते विषयाचे मर्म तिथेच आहे. तेखेलेतचा धागा लोकरीचा असतो. लोकर आणि जवसाचे लिनन एका वस्त्रात एकत्र करायला ज्यू धर्मशास्त्रात बंदी आहे. गोंड्यांपुरती मात्र सूट आहे: लिननच्या वस्त्राला खऱ्या तेखेलेतचा लोकरी धागा लावता येतो. आता तो धागा निळीच्या झाडाच्या पाल्याने रंगवलेला निघाला तर सूट उडाली, आणि माणूस आज्ञा पाळायच्या समजुतीत दिवसभर निषिद्ध कापड घालून हिंडला. डोळ्यांना दोन्ही निळे सारखेच दिसतात. तालमूदच्याच बावा मेत्सिया या भागात म्हटले आहे की तीन जणांना देव शासन करील: आपला पैसा परक्याच्या नावावर दाखवून बांधवांना व्याजाने देणारा, वजने मिठात पुरून ठेवणारा, आणि निळीचा धागा तेखेलेत म्हणून वस्त्राला लावणारा. मापात खोट करणाऱ्याच्या पंगतीला निळीची भेसळ करणारा बसवला आहे, यावरून हा धंदा किती बोकाळला असेल याची कल्पना यावी. किंमतीत तफावतही तेवढीच होती. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या इ.स. ३०१च्या दरपत्रकात जांभळ्या रंगाच्या कच्च्या रेशमाचा भाव एका रोमन पौंडाला दीड लाख दिनार आणि जांभळ्या लोकरीचा पन्नास हजार दिनार लावलेला आहे.

माकुलाची गोष्ट पोलंडमधल्या राद्झिन गावची. तिथले हसिदी या ज्यू भक्तिपंथाचे गुरू गेर्शोन हेनोख लाइनर यांनी १८८७ साली तेखेलेत पुन्हा सुरू करता येईल असे लिहून प्रसिद्ध केले, इटलीत नेपल्सच्या मत्स्यालयात जाऊन समुद्री प्राणी पाहिले आणि तालमूदमधला हिलाझोन, म्हणजे ज्याच्यापासून तेखेलेत करत तो समुद्री जीव, हा माकूलच, असा निष्कर्ष काढला. दोन-एक वर्षांत त्यांच्या हजारो अनुयायांच्या गोंड्यांत निळा धागा आला. रीत अशी की माकुलाची शाई, पोटॅश आणि लोखंडाचा कीस एकत्र घालून जोरात तापवायचे. निळा रंग येतो यात शंका नाही. प्रश्न एवढाच की तो कुठून येतो. आयझॅक हर्झोग, जे पुढे आयर्लंडचे आणि नंतर इस्रायलचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) झाले, त्यांनी लंडन विद्यापीठासाठी १९१३ साली या विषयावर प्रबंध लिहिला आणि राद्झिनच्या धाग्याचे रासायनिक पृथक्करण करून घेतले. निघाला प्रशियन ब्ल्यू, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला कृत्रिम रंग. जोराच्या आचेत शाईतले सेंद्रिय द्रव्य पार मोडून पडते, त्यातला कार्बन आणि नायट्रोजन पोटॅश आणि लोखंडाशी जुळून फेरोसायनाइड बनते, आणि लोखंडाच्याच क्षाराशी संयोग होऊन निळा रंग धरतो. शाईच्या जागी बैलाचे रक्त घातले तरी हाच रंग मिळतो. युरोपात तो पुष्कळ काळ रक्तापासूनच करत. म्हणजे माकूल या रंगाला फक्त नायट्रोजन पुरवतो. पडताळा घ्यायचा तर धाग्याचा तुकडा धुण्याच्या सोड्याच्या कडक पाण्यात ठेवावा. प्रशियन ब्ल्यू अल्कलीत टिकत नाही, निळा जाऊन गंजासारखा तपकिरी डाग उरतो. राद्झिन परंपरेतले लोक आजही हाच धागा वापरतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल वाद नाही, पण पुरवणीने त्याला प्राचीन रीत म्हणू नये.

हर्झोग यांच्यापुढे गोगलगायीचा पर्याय होताच. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लाकाझ-दुतिए यांनी १८५८ साली भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावर एका कोळ्याला शंखातल्या गोगलगायीने कपड्यावर खुणा करताना पाहिले होते. पिवळट रेघ उन्हात जांभळी होत होती. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर यांनी बोलिनस ब्रँडारिस जातीच्या १२,००० गोगलगायींतून १.४ ग्रॅम रंग वेगळा केला आणि तो डायब्रोमोइंडिगो आहे हे दाखवले, म्हणजे निळीचाच रेणू, फक्त त्याला ब्रोमीनचे दोन अणू चिकटलेले. दुसरी जात हेक्सॅप्लेक्स ट्रंक्युलस, जुने नाव मुरेक्स ट्रंक्युलस. तिच्यात डायब्रोमोइंडिगोबरोबर एका ब्रोमीनचा रेणू आणि ब्रोमीन नसलेली निव्वळ नीळ, असे तिन्ही सापडतात. तरीही तिचा रंग जांभळाच उतरे. तेखेलेत तर आकाशासारखा निळा हवा. रब्बी मेईर यांचे वचनच आहे की तेखेलेत समुद्रासारखा, समुद्र आकाशासारखा. हर्झोग या जांभळ्यापाशी अडले आणि यांथिना नावाच्या दुसऱ्या गोगलगायीकडे वळले. तिच्या द्रवातून टिकाऊ रंग काही निघाला नाही.

ही गाठ सोडवली इस्रायलमधल्या शेंकार महाविद्यालयातले रंगरसायनतज्ज्ञ ऑटो एल्सनर यांनी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. ढगाळ दिवशी ट्रंक्युलसच्या द्रवात रंगवलेली लोकर जांभळी येई, लख्ख उन्हात रंगवलेली निळी येई. कारण समजायला निळीच्या कुंडाचे काम माहीत असले तर सोपे जाते. (धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ मिळते तिचा इथे संबंध नाही. ही झाडाची, रंगाऱ्यांची नीळ.) नीळ पाण्यात विरघळत नाही. अल्कधर्मी पाण्यात तिचे क्षपण केले, म्हणजे हवेतला ऑक्सिजन दूर ठेवून तिला इलेक्ट्रॉन पुरवले, की ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते आणि लोकरीत शिरते. कापड बाहेर काढले की हवेतला ऑक्सिजन लागून धाग्याच्या आतच पुन्हा न विरघळणारी नीळ तयार होते. मुरेक्सचा रंगही याच वाटेने जातो. फरक एवढाच की कुंडात विरघळलेल्या अवस्थेत असताना त्याच्यावर ऊन पडले, तर अतिनील किरण ब्रोमीनचे अणू तोडून टाकतात आणि मागे निव्वळ नीळ राहते. एकदा रंग धाग्यात बसला की मग कितीही उन्हात ठेवा, जांभळ्याचा निळा होत नाही. वेळ साधायची ती कुंडातच.

आता रीत. १९८८ साली रब्बी एलियाहू तावगेर यांनी ट्रंक्युलस वापरून धर्मशास्त्राच्या नियमांप्रमाणे गोंड्यांचे धागे रंगवले, आणि पुढच्या काही वर्षांत प्तिल तेखेलेत ही संस्था उभी राहून हे काम नियमित सुरू झाले. गोगलगाय जिवंत असताना शंख फोडतात आणि कल्ल्यांजवळची एक लहानशी ग्रंथी कापून काढतात. रंग रक्तात नसतो, या ग्रंथीत असतो. त्यातला द्रव आधी जवळजवळ बिनरंगी असतो. हवा आणि उजेड लागला की पिवळा, हिरवा, निळा असे करत जांभळा होतो, आणि गंधकाच्या संयुगांची घाण सुटते ती हाताला दिवसच्या दिवस राहते. हा बदल ग्रंथीतल्याच एका विकराने (एन्झाइमने) सुरू होतो. प्राणी मेला की विकर लवकर नासते आणि रंग पडत नाही. शब्बात, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, याविषयीच्या भागात तालमूद म्हणते की हिलाझोन पकडणाऱ्याला तो जिवंत असलेलाच हवा असतो, रंग चांगला यावा म्हणून. रंगाऱ्याच्या अनुभवातून आलेले हे वाक्य आज विकराच्या नावानिशी समजते.

जमलेला जांभळा लगदा वाळवता येतो आणि तो साठवून ठेवता येतो. रंगवायच्या वेळी तो अल्कधर्मी पाण्यात घालून कोमट-गरम करतात, मग सोडियम डायथायोनाइटसारखे क्षपणकारक घालतात. पाणी जांभळ्याचे हिरवट-पिवळे होईपर्यंत थांबतात आणि पारदर्शक भांड्यातून ऊन किंवा अतिनील दिवा दाखवतात. त्यानंतर अल्कलीचा जोर कमी करून मगच लोकर बुडवतात. हा टप्पा गाळला तर लोकर खरखरीत आणि ठिसूळ होते, कारण लोकर प्रथिनाची आहे आणि कडक अल्कली प्रथिन खाते. क्षपण अपुरे राहिले तर रंगाचे कण धाग्याच्या वरवर बसतात आणि बोटाने चोळले तरी निघतात. पाणी जास्त ढवळले तर हवा मिसळते आणि क्षपण उलटते. ऊन कमी पडले तर जांभळ्याची झाक राहते. लोकर बाहेर येते ती हिरवट, आणि दोन-चार मिनिटांत बघता बघता निळी होते. चारही टोकांच्या गोंड्यांसाठी लागणाऱ्या धाग्यांना सुमारे तीस गोगलगायी लागतात. ट्रंक्युलस स्पेन-इटलीकडे बाजारात खायला विकली जाते, त्यामुळे ती मिळवणे आज तितके दुर्घट नाही.

प्राचीनांकडे डायथायोनाइट नव्हते, मग त्यांनी काय केले, असे कुणी विचारील. त्यांनी आंबवले. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहिले आहे की ग्रंथी तीन दिवस मिठात ठेवायच्या आणि मग मंद आचेवर भांड्यात दहा-एक दिवस जपायच्या. इंग्लंडचे जॉन एडमंड्स यांनी शिंपल्यातल्या मांसाचा लगदा, लाकडाच्या राखेसारखी अल्कली आणि ५० अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब वापरून असे कुंड चालवून दाखवले. मांसावर वाढणारे जीवाणूच ऑक्सिजन संपवतात. आच चढली तर जीवाणू मरतात आणि कुंड बसते. भांडे झाकून ठेवले तर जांभळा, उघडे ठेवून उन्हात ठेवले तर निळा. आपल्याकडच्या निळीत कापड रंगवणाऱ्या ‘निराळी’ समाजाच्या कुंडात तत्त्व हेच असे, म्हणून मला या ‘हरवलेल्या रहस्या’चे फारसे अप्रूप वाटत नाही.

तालमूदमधली कृती मात्र थोडक्यातच आहे. अबाये या तालमूदमधल्या विद्वानाने रंग कसा करता असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले: हिलाझोनचे रक्त आणि औषधी द्रव्ये भांड्यात घालून उकळतो, थोडे अंड्याच्या कवचात काढून लोकरीच्या तुकड्यावर पारखतो, मग कवच टाकून देतो आणि तुकडा जाळतो. कवच आणि तुकड्याचे असे का? धागा आज्ञेसाठी म्हणूनच रंगवलेला हवा. चाचणीसाठी रंगवलेली लोकर बाद, आणि मूळ भांड्यातच चाचणी घेतली तर सगळे भांडे बाद.

लगेच पुढे निळीची भेसळ पकडायच्या दोन चाचण्या दिल्या आहेत. पहिलीत तुरटी, मेथीचे पाणी आणि चाळीस दिवसांचे शिळे मूत्र एकत्र करून त्यात धागा रात्रभर भिजवायचा. फिका पडला तर बाद. दुसरीत जवाच्या आंबलेल्या घट्ट पिठात धागा घालून भाजायचा. रंग खुलला तर खरा, उतरला तर खोटा. शिळ्या मूत्रात अमोनिया असतो म्हणून ते अल्कधर्मी, आणि मेथी जीवाणूंना खाद्य. म्हणजे पहिल्या चाचणीत धागा जवळजवळ निळीच्या कुंडातच परत घातला जातो, आणि नीट न मुरलेला रंग सुटून येतो. टीकाकार इथेच बोट ठेवतात: उन्हात ब्रोमीन गेलेला मुरेक्सचा निळा आणि झाडाची नीळ हा एकच रेणू असेल, तर चाचणी त्यांना वेगळे कसे करणार? आक्षेप वजनदार आहे. माझे मत असे की चाचणी रेणू ओळखत नसून रंगाऱ्याचे काम ओळखते. शिवाय ट्रंक्युलसच्या रंगात ब्रोमीनवाले रेणू थोडेफार राहतातच, निव्वळ नीळ क्वचितच असते.

उत्खननाबद्दल. शब्बातच्याच भागात हिलाझोन पकडणारे सूर (टायर) शहराच्या घाटांपासून हैफापर्यंत वावरत असे आहे. हैफाच्या किनाऱ्यावरच तेल शिकमोना आहे. तिथे लोहयुगातल्या मोठ्या रांजणांच्या खापऱ्यांना आतून जांभळा रंग चिकटलेला सापडला आणि पृथक्करणात तो मुरेक्सचा ठरला. तिथे ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात कित्येक शतके रंगाचे काम चालू होते. त्याच किनाऱ्यावर उत्तरेला सिडोन येथे शंखांचे ढीग होते, आणि त्यात ट्रंक्युलसचा ढीग इतर जातींपासून वेगळा होता. वेगळ्या रंगासाठी वेगळी जात वापरत, असा त्याचा अर्थ लावतात. भूमध्य समुद्रापासून लांब, इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटाच्या दक्षिण टोकाला, तिम्नाच्या तांब्याच्या खाणींजवळ सुमारे ख्रिस्तपूर्व १००० सालचे लोकरीचे जांभळे तुकडे मिळाले. नामा सुकेनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली ते प्रसिद्ध केले. कोरड्या हवेमुळेच ते टिकले. ज्यूदियाच्या वाळवंटातल्या वादी मुराब्बात येथल्या रोमन काळातल्या कापडांतही सुकेनिक यांनी २०१३ साली मुरेक्सचा रंग दाखवला. त्याच वाळवंटातल्या मसादा किल्ल्यावर मिळालेल्या एका तुकड्यातही तो आहे.

फसवणुकीचाही पुरावा आहे, आणि मला तोच जास्त बोलका वाटतो. यिगाएल यादिन यांना १९६०-६१मध्ये नहल हेव्हेरच्या गुहेत, बार कोखबाच्या रोमनांविरुद्धच्या बंडात तिथे आश्रय घेतलेल्यांच्या सामानात, न कातलेल्या जांभळट-निळ्या लोकरीची गुंडाळी मिळाली. गोंड्यांसाठीची लोकर असावी असे वाटले. पृथक्करणात नीळ आणि किड्यांपासून काढलेला तांबडा रंग यांची बेरीज निघाली. बावा मेत्सियातल्या शापाचा नमुनाच हाती आला म्हणायचा.

वाद संपलेले नाहीत. मसादाच्या तुकड्यावर काम केलेले झ्वी कोरेन तेखेलेतची छटा शुद्ध निळ्याऐवजी जांभळ्याकडे झुकणारी मानतात. हिलाझोन सत्तर वर्षांतून एकदाच वर येतो, असेही मनाखोतमध्ये आहे, आणि ट्रंक्युलस तर बारमाही सापडते. अनेक रब्बी अजूनही म्हणतात की परंपरा एकदा तुटली ती तुटलीच, रसायनाने ती सांधता येत नाही. हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो त्यांनी सोडवावा. रंग कशापासून आणि कसा निघतो हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

एक दुरुस्ती कृपया पुढच्या अंकात छापावी. लेखाखाली ‘तेखेलेत देणारा शंख’ म्हणून छापलेले चित्र बोलिनस ब्रँडारिसचे आहे. त्याचे तोंडाकडचे टोक लांब, नळीसारखे सरळ असते आणि अंगावर टोकदार काटे असतात. तो तांबूस-जांभळ्याचा शंख. ट्रंक्युलसचे टोक आखूड असते, अंगावर काट्यांऐवजी बोथट गाठी असतात आणि शंख फोडला की आत तपकिरी पट्टे दिसतात. पाण्यातून नुकता काढलेला असेल तर त्यावर शेवाळ आणि समुद्री किटण इतके असते की पट्टे बाहेरून दिसतही नाहीत. खरवडून मगच फोटो घ्यावा.

आपला,
रंगरसायनाचा एक अभ्यासक, पुणे